फळ्यासमोर आदिवासी वकील कधी?

खास प्रतिनिधी, चेंबूर

चेंबूरहून ट्रॉम्बेकडे जाणाऱ्या व्ही. एन. पुरव मार्गावर, देवनार येथे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे संकुल आहे. १९३६ साली नागपाड्यात समाजकार्याचे विद्यालय म्हणून सुरू झालेली ही संस्था १९५४ मध्ये देवनारला आली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. संस्थेच्या विधी विभागाने पदव्युत्तर अभ्यासक्रम आखताना त्याला ‘अ‍ॅक्सेस टू जस्टिस’, म्हणजे न्यायापर्यंत पोहोचण्याची वाट, असे नाव दिले. कंपनी कायदा आणि करविषयक कायद्यांच्या मागे धावणाऱ्या आजच्या विधी शिक्षणात हे नाव वेगळे उठून दिसते. चेंबूर परिसरातच विवेकानंद एज्युकेशन सोसायटी आणि चेंबूर कर्नाटक यांची विधी महाविद्यालयेही आहेत. उपनगरातल्या विद्यार्थ्याला कायदा शिकण्यासाठी आता चर्चगेट गाठण्याची गरज उरलेली नाही.

ज्यांच्यापर्यंत न्याय पोहोचत नाही, त्यांच्यातून आलेला वकील या वर्गांत शिकवायला कधी उभा राहणार, हा प्रश्न मात्र मागेच राहिला आहे. तो फक्त प्रतिनिधित्वाचा प्रश्न नाही. कायद्याचा एक मोठा भाग असा आहे, की त्याचे खरे ज्ञान निकालपत्रांच्या खंडांत सापडत नाही. ते तालुक्याच्या कचेरीत, ग्रामसभेच्या ठरावांत आणि वनखात्याच्या जुन्या पावत्यांत विखुरलेले असते आणि ज्यांनी ते वर्षानुवर्षे हाताळले, त्यांनाच ते ठाऊक असते.

वनहक्क कायद्याचेच उदाहरण पुरेसे आहे. हा कायदा २००६ चा. त्याची अंमलबजावणी १ जानेवारी २००८ पासून सुरू झाली. दावेदाराने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन आपल्या ताब्यात असल्याचे दाखवायचे असते. पुरावा कोणता चालेल, याची यादी नियम १३ मध्ये दिलेली आहे. सरकारी कागदपत्रे तर आहेतच. परंतु त्यांच्या जोडीने विहीर, बांध, दफनभूमी, देवस्थान यांसारख्या खुणा आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले निवेदनही ग्राह्य धरले आहे. साक्षीपुराव्याचा रूढ कायदा शिकून आलेल्या विद्यार्थ्याला हे चमत्कारिक वाटते. ऐकीव गोष्ट पुरावा नव्हे, हे त्याला पहिल्या वर्षापासून पढवलेले असते. इथे मात्र एका म्हाताऱ्याने आपल्या आजाकडून ऐकलेली शिवाराची हद्द विचारात घ्यावी लागते.

नियम वाचून दाखवणे सोपे आहे. ते निवेदन घ्यायचे कसे, हे शिकवणे कठीण आहे. वडीलधारा माणूस वारली, माडिया किंवा भिलीत बोलतो. त्याची कालगणना इसवी सनात नसते. अमुक दुष्काळ, अमुक लग्न, धरणाचे काम सुरू झाले ते साल, अशा खुणांनी तो काळ सांगतो. त्याचे मराठी करताना तारीख चुकली, की उपविभागीय समितीत दावा अडकतो. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तर तेच निवेदन इंग्रजीत जाते आणि दोन भाषांतरांनंतर मूळ म्हणण्यातले काय उरले, हे पाहायला कोणी नसते. आणखी एक गंमत अशी, की अतिक्रमण केले म्हणून वनखात्याने ज्या शेतकऱ्याला कधी काळी दंड केला, त्या दंडाची पावतीच आज त्याच्या वहिवाटीचा भक्कम पुरावा ठरू शकते. ज्या घरांनी ती पावती अपमानाची खूण म्हणून फाडून टाकली, त्यांचे नुकसान झाले. हे बारकावे पाठ्यपुस्तकात क्वचितच येतात.

कागद नसेल तर दावाही नाही, या समजाला छेद मिळाला तो प्रदीप प्रभू विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात. डहाणू भागातील कष्टकरी संघटनेचे काम करणाऱ्या प्रभूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, कागदोपत्री पुरावा नसला तरी दाव्यांची चौकशी झाली पाहिजे, अशी भूमिका घेतली. पुढे वनहक्क कायद्याच्या नियमांत जे आले, त्याची चाहूल या आदेशात होती. प्रभू आदिवासी नव्हेत. त्याआधी, १९७९ मध्ये, मथुरा प्रकरणातील निकालाविरुद्ध सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिणारे उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर हे चौघेही विद्यापीठांत कायदा शिकवणारे प्राध्यापक होते. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या त्या खटल्यात आरोपी पोलीस सुटले होते. पत्राने देश हलला आणि १९८३ मध्ये बलात्काराविषयीचा कायदा बदलला. विधी महाविद्यालयाच्या वर्गातून काय घडू शकते, याचा महाराष्ट्राशी जोडलेला याहून मोठा दाखला नाही.

तेव्हा आदिवासींचे प्रश्न आदिवासी वकिलानेच मांडावेत, असा हट्ट कोणी धरू नये. तरीही एक गोष्ट खटकते. त्या चौघांनी कळकळीने लिहिले, त्याला आता साडेचार दशके उलटली. इतक्या काळात त्या मुलीच्या समाजातून कायद्याचे किती प्राध्यापक उभे राहिले, असे विचारले तर सहज आठवतील अशी नावे पुढे येत नाहीत. समता (१९९७) आणि नियमगिरी (२०१३) हे निकाल शिकवले जातात. आदिवासींच्या जमिनी परत मिळवून देणारा महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवणारा लिंगप्पा पोचन्ना खटल्याचा १९८४ चा निकालही शिकवला जातो. या सगळ्यांत आदिवासी हा पक्षकार आहे; शिकवणारा क्वचितच.

न्यायपालिकेच्या वरच्या पायऱ्यांवरही चित्र वेगळे नाही. २०१८ पासून उच्च न्यायालयांत नेमलेल्या ६०४ न्यायाधीशांपैकी अनुसूचित जमातींचे ९ होते, अशी माहिती केंद्राने जुलै २०२३ मध्ये संसदेत दिली. हे प्रमाण जेमतेम दीड टक्का भरते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात हा समाज ८.६ टक्के आहे, महाराष्ट्रात ९ टक्क्यांहून अधिक.

वकील नाहीत असे नाही. भामरागडचे अ‍ॅड. लालसू नोगोटी हे माडिया समाजातील पहिले वकील म्हणून ओळखले जातात. हेमलकशाच्या लोकबिरादरी आश्रमशाळेत शिकलेले नोगोटी २०१७ मध्ये जिल्हा परिषदेवर निवडून आले. नंदुरबारचे अ‍ॅड. के. सी. पाडवी राज्याचे आदिवासी विकासमंत्री झाले. त्यांचे पुत्र अ‍ॅड. गोवाल पाडवी २०२४ मध्ये लोकसभेत गेले. आदिवासी वकील विधिमंडळात आणि संसदेत पोहोचला, पण विद्यापीठाच्या वर्गात पोहोचणे त्याला अधिक अवघड गेले, हे विचित्र खरे. निवडणुकीला राखीव मतदारसंघ असतो. प्राध्यापकपदासाठी नेट, पीएच.डी., शोधनिबंध आणि बव्हंशी इंग्रजी लागते. तालुका न्यायालयात पंधरा वर्षे घालवलेल्या माणसाकडे यांपैकी काहीच नसण्याची शक्यता अधिक.

यावर तोडगा म्हणून नियमांत दोन वाटा आहेत. पहिली जुनी. बार कौन्सिलच्या १९७९ च्या नियमांनुसार वकिली करणाऱ्याला सनद न गमावता दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. मुंबईतले कित्येक वकील सकाळच्या वर्गांत शिकवून मग न्यायालयात जातात, ते याच नियमाच्या आधाराने. ही सोय शहरातल्या वकिलासाठी केलेली आहे. गडचिरोली मुंबईपासून हजार किलोमीटरच्या आसपास आणि भामरागड त्याच्याही पुढे. तिथल्या वकिलाला रोजचे तीन तास काय कामाचे? त्याला सत्रातून एकदा सलग पंधरा दिवस शिकवता आले, तर गोष्ट निराळी. शिवाय तासिका तत्त्वाच्या मानधनात प्रवासाचा आणि बुडालेल्या तारखांचा हिशेब बसत नाही.

दुसरी वाट नवी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या पदाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. आपल्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षे काम केलेल्या तज्ज्ञाला, औपचारिक शैक्षणिक पात्रतेची अट न घालता, प्राध्यापक म्हणून नेमता येते. क्षेत्रांच्या यादीत वकिलीचाही समावेश आहे. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात आणि एका व्यक्तीचा कार्यकाळ साधारणपणे तीन, अपवादाने चार वर्षांचा असतो. कागदावर ही आदिवासी वकिलासाठीच केलेली तरतूद वाटावी. आकडे मांडले की अडचण दिसते. वनहक्क कायदा अमलात येऊन पंधरा वर्षे झाली ती २०२३ मध्ये. म्हणजे पहिल्या दिवसापासून हे दावे लढवणारा तरुण वकीलही आता कुठे या पदासाठी पात्र ठरतो. पैशाचा मुद्दा आहेच. उद्योगांनी खर्च उचललेले, संस्थेने स्वतःच्या निधीतून ठेवलेले आणि मानद, असे या पदांचे तीन प्रकार आहेत. ग्रामसभेच्या वकिलासाठी खर्च उचलणारा उद्योग कोणता? अनेकदा तर ग्रामसभेचा वाद खाण उद्योगाशीच असतो. उरले संस्थेचा निधी आणि मानद. मानद म्हणजे संस्था ठरवेल तेवढ्याच मानधनावर.

संस्थेच्या निधीची स्थिती काय असू शकते, हे देवनारनेच जून २०२४ मध्ये अनुभवले. टाटा शिक्षण न्यासाकडून मिळणाऱ्या अनुदानाच्या अनिश्चिततेमुळे शंभराहून अधिक कंत्राटी शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना सेवासमाप्तीच्या नोटिसा दिल्या गेल्या. निधीचे आश्वासन मिळताच दोन दिवसांत त्या मागेही घेण्यात आल्या. प्रश्न तात्पुरता मिटला, पण प्रत्यक्ष कामातून आलेल्या माणसांना कंत्राटावरच ठेवायचे ठरले, तर पहिली कुऱ्हाड कुणावर पडेल, हे त्या दोन दिवसांत दिसले.

परदेशात काही ठिकाणी हा विषय पुढे गेला आहे. कॅनडात मूलनिवासी मुलांच्या निवासी शाळांतील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन व सलोखा आयोगाने २०१५ मध्ये विधी महाविद्यालयांनाही शिफारस केली, की प्रत्येक विद्यार्थ्याला मूलनिवासींविषयीचा कायदा शिकणे सक्तीचे करावे. व्हिक्टोरिया विद्यापीठाने २०१८ मध्ये त्यापुढचे पाऊल टाकले. तिथे कॅनडाचा प्रचलित कायदा आणि मूलनिवासी समाजांच्या स्वतःच्या विधिपरंपरा अशा दोन्हींची जोडपदवी सुरू झाली. जॉन बॉरोज आणि व्हॅल नेपोलियन हे मूलनिवासी कायदेपंडित तिच्या उभारणीत होते. विद्यार्थ्यांना अभ्यासाचा काही काळ प्रत्यक्ष त्या समाजांत राहून घालवावा लागतो. देवनारला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. क्षेत्रकार्य हा तिथल्या समाजकार्य शिक्षणाचा कणाच आहे, आणि पोलीस ठाणी, तुरुंग व न्यायालयांत काम करणारा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून चालू आहे. मग कायद्याच्या विद्यार्थ्याला एक सत्र भामरागड किंवा धडगावला पाठवून तिथल्याच वकिलाने त्याचे गुण द्यावेत, यात अशक्य ते काय?

खुद्द मुंबईत याची गरज नाही, असे समजणाऱ्यांनी आरे आठवावे. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रो कारशेडसाठी झाडे तोडण्यास सुरुवात झाली. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले, सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि ७ ऑक्टोबरला तोड थांबवली. विद्यार्थ्यांचे कौतुक व्हायलाच हवे. पण ते पत्र झाडांसाठी होते. आरेतील सत्तावीस आदिवासी पाड्यांच्या जमिनीचा आणि वहिवाटीचा प्रश्न बातम्यांत दुसऱ्या रांगेतच राहिला. त्यानंतर आरेतील ८१२ एकर क्षेत्र राखीव वन करण्याची प्रक्रिया सुरू झाली. झाडांच्या दृष्टीने ती चांगलीच. मात्र अशा प्रक्रियेत तिथे राहणाऱ्यांनी आपले हक्क मुदतीत नोंदवावे लागतात. ती नोंदणी कशी करायची, हे पाड्यावर जाऊन समजावून सांगणारे चेंबूरच्या विधी महाविद्यालयांतून तयार होऊ शकतात. प्रत्येक विधी महाविद्यालयाने विधी साहाय्य केंद्र चालवावे, असा बार कौन्सिलचा नियमच आहे.

वेळेचे भान ठेवायला हवे ते आणखी एका कारणाने. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे वनहक्क दावे अंतिमतः फेटाळले गेले त्यांना हटवण्याचे आदेश राज्यांना दिले. देशभरातील दहा लाखांहून अधिक दावे त्या तडाख्यात सापडले असते. केंद्राने आपली बाजू नीट मांडली नाही, अशी टीका तेव्हा झाली. पंधरा दिवसांनी, २८ फेब्रुवारीला आदेश स्थगित झाला आणि राज्यांना दावे फेटाळण्याची पद्धत तपासून सांगावी लागली. तेव्हा उघड झाले, की कित्येकांना फेटाळणीची कारणेच कळवलेली नव्हती. महाराष्ट्रात मे २०२० मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून, जिल्हा समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय पातळीवर दाद मागण्याची सोय केली. ती वापरायची तर अर्ज लिहिणारा हवा. ग्रामसभेच्या पातळीवर दावा फेटाळला गेला, तर उपविभागीय समितीकडे जाण्यासाठी दावेदाराला साठ दिवस मिळतात.