मार्चअखेरचे फोन

मार्च उजाडला की पतसंस्थांच्या शाखांत ठेवींपेक्षा थकबाकीची चर्चा जास्त होते. ३१ तारखेच्या आत एनपीएची टक्केवारी खाली आणायची आणि लेखापरीक्षणातला वर्ग टिकवायचा, म्हणून थकीत खात्यांच्या याद्या निघतात. जो कर्मचारी मोकळा दिसेल त्याच्या हाती त्यातली एक यादी पडते. ‘फोन लावा’ एवढीच सूचना. काय बोलायचे, कोणाशी बोलायचे, बोलणे झाल्यावर काय लिहून ठेवायचे, हे सांगायला कोणाला सवड नसते.

या फोनांतून काय निघाले ते पाहायचे असेल, तर वसुली नोंदवहीतला शेऱ्याचा रकाना वाचावा. ‘भरतो म्हणाले.’ ‘उचलला नाही.’ ‘पत्नीने घेतला, गावी गेलेत.’ ‘सोमवारी भरतो म्हणाले.’ एकाच खात्यापुढे असे सात-आठ शेरे आणि कर्जदाराबद्दल नवीन कळले काय, तर काही नाही. भरतो म्हणायला त्याचे काय जाते? तेवढे म्हटले की फोन बंद होतो.

विचारायचे ते पैसा हाती कधी आणि कुठून येतो हे. डेअरीचे बिल बहुतेक ठिकाणी दहा दिवसांनी निघते. उसाचे बिल चौदा दिवसांत द्यावे असे कायदा म्हणतो, प्रत्यक्षात कारखाना देईल तेव्हा. कंत्राटी कामगाराचा पगार ठेकेदाराच्या लहरीवर. अशा माणसाच्या हप्त्याची तारीख आपण ५ ठेवली आणि ६ तारखेपासून रोज फोन केला, तर तो फक्त आपला नंबर ओळखायला शिकेल. ‘दूध बिल ११ ला, त्यातून तीन हजार भरणार, म्हैस आटली आहे, पुढच्या महिन्यात बिल निम्मे’ असा शेरा असेल, तर १२ तारखेला फोन करणाऱ्या दुसऱ्या कर्मचाऱ्यालाही नेमके बोलता येते. मुख्य म्हणजे म्हैस आटल्याचे व्यवस्थापकाला वेळेवर कळते आणि हप्ते फेरबांधणीचा विचार खाते बुडण्याआधी होतो. हा फोन करताना समोर खातेउतारा उघडा हवा. मागच्याच आठवड्यात पिग्मी एजंटाकडे भरलेल्या रकमेची नोंद न पाहता ‘तुम्ही काहीच भरले नाही’ असे सुनावले, की त्यानंतर त्या घरात संस्थेचे कोणी ऐकत नाही.

दुसरा घोळ फोन कोणाला करायचा याचा. कर्जाच्या अर्जावर जामीनदार असतात आणि संदर्भासाठी दिलेली नावेही असतात. यादी करणारा दोन्हींचे नंबर एकाच रकान्यात टाकतो. जामीनदाराची जबाबदारी १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, कर्जदाराइतकीच असते. त्याला कळवणे हा आपला हक्क आहे आणि ते लवकर कळवणे हे त्याच्यावरही उपकारच. संदर्भ म्हणून ज्याचे नाव दिले तो मात्र कशालाच बांधील नाही. त्याला, शेजाऱ्याला किंवा कर्जदाराच्या मालकाला थकबाकीचा आकडा सांगणे म्हणजे सरळ बदनामी. फोन पत्नीने उचलला आणि ती सहकर्जदार किंवा जामीनदार नसेल, तर ‘परत फोन करायला सांगा’ यापुढे एक शब्द बोलायचा नाही.

रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात थकीत कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करण्यास मनाई केली; धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाईक आणि संदर्भ दिलेल्या व्यक्तींच्या खासगीपणात घुसणे यांनाही. हे नागरी सहकारी बँकांनाही सांगितले गेले. सूक्ष्म वित्त कर्जांसाठी त्याच वर्षी मार्चमध्ये वेळ आणखी आखूड केली होती, ९ ते ६. यावर आपल्या क्षेत्रातून एक उत्तर हमखास येते : पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत, रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक आपल्याला लागू नाही. तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन गेलेल्या सभासदाला तिथला अंमलदार परिपत्रक विचारत नाही. धमकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेत आहे आणि तो सगळ्यांना सारखाच लागू आहे.

धमकीतही सर्वांत जास्त वापरली जाणारी म्हणजे ‘उद्या जप्ती आणतो’. उद्या कशी आणणार? आधी सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला, मग कलम १५६ चे अधिकार असलेला वसुली अधिकारी, नियम १०७ प्रमाणे मागणी नोटीस, त्यानंतर जप्ती. हे आपल्याला पाठ आहे, आणि आता कर्जदारालाही थोडेफार माहीत असते. दाखल्यासाठी अर्जही केलेला नसताना जप्तीचे बोलणाऱ्या संस्थेची खरी नोटीस आली, तरी ती टेबलावर पडून राहते. उलट, ‘काका, या तारखेपर्यंत अमुक रक्कम आली नाही तर आम्ही १०१ चा अर्ज करणार आहोत’ हे शांतपणे सांगावे आणि त्या तारखेनंतर खरोखर अर्ज करावा. तसेच ‘व्याज सोडून देतो, या भरायला’ असेही फोनवर बोलू नये. एकरकमी परतफेडीची सवलत संचालक मंडळाच्या ठरावाने मिळते, कारकुनाच्या तोंडून नाही.

खोट्या वसुली फोनांचा सुळसुळाट झाल्यापासून सभासदही सावध झाले आहेत. पहिल्या वाक्यात आपले नाव, शाखा आणि शाखेचा लँडलाइन नंबर सांगावा. खात्री करून घ्या म्हणावे. स्वतःच्या यूपीआयवर हप्ता मागणाऱ्या कर्मचाऱ्याला, तो कितीही प्रामाणिक असला तरी, त्याच दिवशी लेखी समज द्यावी.

बँकांच्या वसुली एजंटांसाठी किमान १०० तासांच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम २००८ पासून ठरलेला आहे. आपल्याकडे कालपर्यंत पासबुके छापणारा मुलगा आज वडिलांच्या वयाच्या सभासदाला अरे-तुरे करतो, कारण शाखाधिकारी तसेच बोलतात. (संचालकांच्या पाहुण्यांचे खाते थकले की हाच आवाज किती मऊ होतो, तेही सर्वांना ठाऊक आहे.) जिल्हा फेडरेशनांच्या प्रशिक्षण वर्गांत नियम १०७ वर व्याख्याने होतात. त्यातला एक दिवस फोनसाठी ठेवावा, दहा-बारा खरे फोन नावे वगळून ऐकवावेत, आणि पहिल्या रांगेत शाखाधिकाऱ्यांना बसवावे.