मध खाणारा

रशियाचे माजी अध्यक्ष मेदवेदेव्ह यांचं नाव निघालं की आपल्याकडे कोणीतरी हमखास सांगतं, "मधु अधिक अद्, म्हणजे मध्वद्, मध खाणारा! रशियन आपल्या संस्कृतातूनच निघाली." यातलं पहिलं वाक्य जवळपास बरोबर आहे. भांडण आहे ते दुसऱ्याशी.

रशियनमध्ये अस्वलाला 'मेद्वेद' म्हणतात. युक्रेनियनमध्ये अक्षरं उलटीपालटी होऊन 'वेद्मिद' झालं, पोलिशमध्ये 'म'चा 'न' झाला. या सगळ्यांवरून अभ्यासकांनी आद्य-स्लाव्हिक रूप जुळवलं, *मेद्वेदि. आधीची चांदणी म्हणजे प्रामाणिक कबुली: हा शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, तर्काने मांडलाय. स्लाव्ह लोक लिहू लागले ते नवव्या शतकात. तोवर मूळ भाषा फुटायला लागली होती.

शब्दाचं व्याकरण मात्र अगदी ओळखीचं. 'मेदु' म्हणजे मध, 'एद्' म्हणजे खाणे. पुढे स्वर आला म्हणून 'उ'चा 'व्' झाला. शाळेतला यण् संधीच की हा! आणि चालायचा कसा, तर हरि, कवि यांच्यासारखा इकारान्त पुल्लिंगी.

मग संस्कृतातून आला म्हणायला काय हरकत आहे? हरकत स्वरांची आहे. संस्कृतात 'मधु' आणि 'दम' (घर), दोन्हीकडे 'अ'. स्लाव्हिकमध्ये 'मेदु' आणि 'दोमु'. ग्रीकमध्ये 'मेथु' (मद्य) आणि 'दोमोस'. आता संस्कृतातला एकच 'अ' या दोन भाषांनी परस्पर, न विचारता, एकाच ठिकाणी 'ए' आणि एकाच ठिकाणी 'ओ' कसा केला? त्यापेक्षा सरळ उत्तर असं, की मुळात दोन वेगळे स्वर होते आणि संस्कृतात ते मिसळून 'अ' झाले. म्हणजे इथे जुनेपण स्लाव्हिकने राखलंय.

उलट अस्वलाचं जुनं नाव आपण राखलं: ऋक्ष. ग्रीक 'आर्क्तोस', लॅटिन 'उर्सुस' त्याचीच भावंडं. स्लाव्हांनी ते टाकलं. बहुतेक अभ्यासक म्हणतात, भीतीपोटी. नाव घेतलं की जनावर हजर! आपल्याकडेही रात्री सापाला 'लांबडं' म्हणतातच की. म्हणून 'मध खाणारा' असं आडून म्हणणं आलं. ऋग्वेदातही 'मध्वद्' आहे (पहिलं मंडल, सूक्त १६४), पण तिथे तो पक्ष्यांसाठी. दोघींनी एकाच आजीच्या डब्यातलं साहित्य घेतलं आणि आपापला पदार्थ केला.

मला हे नातं आई-लेकीच्या नात्यापेक्षा जास्त सुंदर वाटतं. बहिणी समोरासमोर बसल्या तरच आजीचा चेहरा आठवतो. एकीला आई ठरवलं की दुसरीला जे आठवतंय ते ऐकायचंच राहून जातं, आणि नुकसान आपलंच होतं.

असो. पुढच्या वेळी तसा निरोप फिरत आला तर वाद घालू नका. 'मेदु' आणि 'दोमु' एवढे दोनच शब्द उत्तरादाखल पाठवून द्या :-)