वेबसाइटचा माग आपल्या घरी बसवा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल बंद केली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, म्हणून ती पुष्कळ जुन्या मशीनवर बसत नाही. त्यामुळे चांगले चालणारे अनेक कॉम्प्युटर आज दुकानाच्या कोपऱ्यात पडून आहेत. ते भंगारवाल्याला किलोच्या भावाने देण्याआधी व्यापारी बंधूंनी आमचे चार शब्द ऐकावेत, अशी विनंती आहे.

आम्ही कापडाचे व्यापारी. काही वर्षांपूर्वी आम्ही एका माणसाकडून दुकानाची वेबसाइट करून घेतली. पैसे रोख मोजले. साइटचे नाव त्याने स्वतःच्या नावावर नोंदवले आणि पासवर्डही स्वतःकडेच ठेवला. ताक्याचा भाव बदलला की आम्ही फोन करायचा आणि दोन दिवस वाट पाहायची. एके दिवशी त्याचा फोन लागेना. पुढे साइटही बंद पडली. आमच्याकडे तिची एक प्रतसुद्धा नव्हती. दोष त्याचा होताच, पण त्याहून मोठा दोष आमचा होता. उधारीवर माल देताना आम्ही दहा चौकशा करतो, इथे मात्र एकही केली नाही.

नंतर आमच्या भाच्याने कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स बसवले आणि त्यावर वेबसाइट तयार करण्याची सारी सामग्री उभी केली. सॉफ्टवेअरसाठी एक पैसाही लागला नाही. तेव्हा आम्हाला कळले की हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे नाही.

कापडाचा नवा नमुना आपण थेट गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. आधी मागावर थोडा विणून पाहतो, धागा तुटतो का, रंग उतरतो का, ते तपासतो. वेबसाइटचेही तसेच आहे. ती आधी आपल्याच कॉम्प्युटरवर चालवून, चुका काढून, मग इंटरनेटवर ठेवायची असते. या तयारीच्या जागेला जाणकार 'डेव्हलपमेंट एन्व्हायर्न्मेंट' म्हणतात. आम्ही तिला घरचा माग म्हणतो.

या मागाचे चार भाग आहेत. पहिला लिनक्स. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याची सुरुवात केली. दुसरा अपाचे. गिऱ्हाईक आले की मागितलेले पान पुढे करणारा हा गल्ल्यावरचा माणूस, १९९५ पासून कामावर आहे. तिसरा मारियाडीबी, म्हणजे आपल्या वह्या. माल, भाव, ऑर्डरी सर्व त्यात राहते. चौथी पीएचपी. वही उघडून हवी ती नोंद काढणारा आणि पानावर मांडणारा हा मुनीम समजावा.

मारियाडीबीची हकिकत व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे. मायएसक्यूएल नावाची वही आधी जगभर चालत होती. ती २००८ साली सन कंपनीकडे आणि २०१० साली ओरॅकलकडे गेली. मालक बदलताना पाहून तिचे मूळ कर्ते मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्ये त्याच खुल्या कोडवरून मारियाडीबी वेगळी काढली आणि तिला आपल्या मुलीचे नाव दिले. कोड खुला होता म्हणूनच हे शक्य झाले. खुल्या सॉफ्टवेअरचा अर्थ केवळ फुकट असा नाही. ते वापरण्याचा, उघडून पाहण्याचा, बदलण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा हक्क परवान्यानेच मिळतो. पेढी विकली गेली तरी हुनर कारागिराच्या हाती राहते.

आपल्या बाजारात सॉफ्टवेअरच्या चोरीच्या प्रती सर्रास चालतात. सर्वच करतात म्हणून त्यात कोणाला वावगे वाटत नाही. पण चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती वापरणे हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब नुसार गुन्हा आहे. ही तरतूद १९९४ च्या दुरुस्तीने आली. तिच्यात किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. मापात एक इंचही कमी न देणाऱ्या व्यापाऱ्याने चोरीच्या प्रतीवर दुकान चालवणे शोभत नाही. विशेषतः सरळ रस्ता फुकट उपलब्ध असताना तर मुळीच नाही.

आता प्रत्यक्ष काम. कॉम्प्युटर बरा असेल तर उबुंटू घ्यावे. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या २४.०४ या आवृत्तीला ४ जीबी मेमरी आणि २५ जीबी जागा पुरते. मशीन त्याहून जुने असेल तर एक्सएफसीई या हलक्या पडद्यासह डेबियन घ्यावे. ते २ जीबीवरही चालते. अधिकृत साइटवरून प्रत उतरवून पेनड्राइव्हवर घ्यावी. पेनड्राइव्हवरूनच आधी चालवून पाहता येते. इंटरनेट आणि प्रिंटर जुळले तरच पुढे जावे. जुन्या फायली आधी दुसरीकडे काढून ठेवाव्यात, कारण लिनक्स बसवताना डिस्क पुसली जाऊ शकते.

लिनक्स बसल्यावर टर्मिनल उघडून 'ॲप्ट' या हुकमाने अपाचे, मारियाडीबी, पीएचपी आणि त्यांना जोडणारे दोन छोटे भाग मागवायचे. मग ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' लिहिले की अपाचेचे पान दिसते. ते दिसले की माग बसला असे समजावे.

दोन चुका मात्र टाळाव्यात. काही अडले की घाईने साऱ्या फायलींना '७७७' म्हणजे सर्वांना सर्व हक्क देण्याची सवय मुलांना लागते. गोदामाची किल्ली रस्त्यावर टांगण्यासारखे ते आहे. तसेच प्रत्येक साइटच्या वहीसाठी वेगळा युजर आणि वेगळा पासवर्ड ठेवावा. केलेल्या बदलांची नोंद ठेवायला गिट वापरावे. तेही टोरवाल्ड्स यांनीच २००५ मध्ये केले. काल काय होते आणि आज काय बदलले, याचा तो रोजमेळ आहे.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मालाची नावे मराठीत आणि उर्दूत द्यायची असतील तर वही तयार करतानाच तिची लिपी 'यूटीएफ-८ एमबी-४' अशी ठरवावी. नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटू शकतात. उर्दू मजकुराला उजवीकडून डावीकडे अशी दिशाही द्यावी लागते. गिऱ्हाइकाच्या भाषेत पान हवे हे बाहेरच्या माणसाला सुचेलच असे नाही. घरच्या मुलाला ते सांगावे लागत नाही.

आक्षेप येतील. टॅली विंडोजवर चालते, मग हिशेबाचे काय? हिशेबाचे मशीन आहे तसे राहू द्या, आम्ही कोपऱ्यातल्या मशीनविषयी बोलत आहोत. मुलगा शिकून नोकरीला गेला तर? गेला तरी हुनर घेऊन जाईल, आणि साइटची प्रत, पासवर्ड व नाव आपल्याकडे राहील. कॉम्प्युटर घरी असला म्हणजे भाड्याच्या सर्व्हरचा खर्च वाचेल का? तो वाचणार नाही. जगाला दाखवायला सर्व्हर लागतोच. परंतु एका सर्व्हरवाल्याचे पटले नाही तर माल उचलून दुसऱ्याकडे जाण्याची मुभा मात्र मिळते.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या मागावर आपल्या लोकांनी आयुष्ये घालवली. माग दुसऱ्याचा आणि मजुरी आपली, म्हणजे काय असते ते आपल्याला कोणी शिकवायला नको. हा नवा माग फुकट मिळतो आहे. येत्या सुट्टीत घरातल्या मुलाला किंवा मुलीला तो जुना कॉम्प्युटर आणि एक पेनड्राइव्ह द्या. महिनाभर त्यांच्या चुका सोसा. आणि वेबसाइट कोणाकडूनही करून घेतलीत, तरी तिचे नाव स्वतःच्या नावावर नोंदवा आणि तिची एक प्रत आपल्या कपाटात ठेवा. आमचे नुकसान झाले ते झाले, आपले होऊ नये.