बोंडअळीचा गुणाकार

बोंडअळी आली की गावात ठरलेली वाक्यं ऐकू येतात. बियाणं बोगस निघालं. औषधात दम नव्हता. आणि शेवटी, तकदीर. पहिल्या दोन वाक्यांत कधी कधी तथ्य असतं. तिसऱ्याशी मात्र माझं भांडण आहे. शेंदरी बोंडअळीची वाढ पाढ्यासारखी असते, ती आधी मांडता येते. जी गोष्ट आधी मांडता येते, ती तकदीरच्या खात्यावर टाकून मोकळं होणं बरोबर नाही. आधी उंट बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं गेलंय.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, शेतीशास्त्र नाही. पण कपाशीच्या पट्ट्यातल्या शिक्षकाला हजेरीपटावरूनही हंगाम कळतो. आणि कापसाशी आपलं नातं जुनं आहे. पिंजारी, नद्दाफ, मन्सुरी पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजत आले. मालेगाव-भिवंडीचे मोमीन विणत आले. आजही आपली कितीतरी माणसं बटाईनं शेत करतात, वेचणीला जातात, जिनिंगमध्ये राबतात. म्हणून हा हिशेब आपलाही आहे.

हिशेब असा. या अळीचा पतंग राखाडी-तपकिरी, नखाएवढा, रात्री फिरणारा. एक मादी साधारण १०० ते २०० अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी बाहेर येते, दोनेक आठवडे बोंडात खाते, आठवडाभर कोषात राहते आणि पतंग होऊन उडते. म्हणजे एक पिढी साधारण महिन्याची. समजा १५० अंड्यांतून फक्त २० पतंग जगले आणि त्यांत १० माद्या निघाल्या. ऑगस्टमधल्या एका मादीच्या सप्टेंबरात १० होतात, ऑक्टोबरात १००, नोव्हेंबरात १०००. शेतकरी म्हणतो, आठ दिवसांत कुठून आली ही? ती आठ दिवसांत आलेली नसते. ऑगस्टपासून शेतातच असते. दहा कुणाला दिसत नाहीत, हजार दिसतात.

याच गुणाकारात उपायही आहे. सुरुवातीचे दहातले नऊ पतंग कमी झाले, तर अळी एक पिढी, म्हणजे एक महिना मागे पडते. कपाशीत एक महिना म्हणजे पहिल्या वेचण्या घरात येणं. तेच नोव्हेंबरात दहातल्या नऊ मारल्या तरी हाती फार काही लागत नाही, कारण नुकसान होऊन गेलेलं असतं. शिवाय तेव्हा मारणंही सोपं नसतं. अंड्यातून निघालेली अळी लगेच पातीत, फुलात किंवा बोंडात शिरते आणि आत जायचं भोक बुजून जातं. वरून बोंड हिरवंगार, आत सरकी पोखरलेली. औषध पडतं ते पानावर. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या सगळ्या फवारण्या बोंडअळीसाठी नव्हत्या. पण घाबरून, औषधात औषध मिसळून मारलेल्या फवाऱ्याची किंमत कोण मोजतं, हे त्या वर्षी दिसलं. पाठीवर पंप बहुतेक वेळा मजुराच्या असतो.

मग ऑगस्टमधली ती पहिली मादी येते कुठून? हंगामाच्या शेवटी, दिवस लहान आणि थंड झाले की अळी कोषात न जाता सरकीत झोपी जाते. शेतात राहिलेल्या बोंडांत, बांधावर रचलेल्या पऱ्हाटीत, जिनिंगमधल्या सरकीत ती महिनोन्‌महिने पडून राहते. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर पतंग बाहेर पडतात. शेतात पात्या असतील तर त्यांचा संसार सुरू होतो. नसतील तर पुढची पिढी न वाढवताच ते मरतात. म्हणून १ जूनच्या आधी कपाशीचं बियाणं विकू नका, असं कृषी विभागानं काही वर्षं विक्रेत्यांना बजावलं होतं. म्हणूनच डिसेंबरनंतर पाणी देऊन फरदड ठेवू नका, असंही सांगितलं जातं. फरदड म्हणजे अळीला आणखी दोन-तीन महिने बिनभाड्याचं घर.

हे सगळं सांगितल्यावर एका विद्यार्थ्याचे वडील मला म्हणाले, "सर, फरदडीचे दोन क्विंटल म्हणजे पोरीची फी असते. ती तुम्ही भरता का?" प्रश्न रोखठोक होता आणि त्याला भाषणानं उत्तर देता येत नाही. ज्याच्याकडे रब्बीला पाणी नाही, हरभऱ्याचं बियाणं घ्यायला पैसे नाहीत, त्याला फरदड सोडा म्हणणं म्हणजे भरल्या पोटी रोज्याचं महत्त्व सांगणं. फरदड बंद व्हायला हवी असेल, तर डिसेंबरात त्याच्या हातात हरभऱ्याचं बियाणं आणि दोन पाण्यांची सोय पडली पाहिजे. हे काम सरकारचं आहे. ते नुसती पत्रकं वाटून होत नाही.

पण काही गोष्टी आपल्याही आहेत. बीटी कापूस २००२ मध्ये आला, दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये. २०१० मध्ये गुजरातेत शेंदरी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देत नसल्याचं जाहीर झालं. पुढे दुसराही निकामी होत गेला आणि २०१७ मध्ये विदर्भ, मराठवाडा, खानदेश पोळून निघाले. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची साध्या कपाशीची पुडी यायची. ती कडेनं लावायची होती, म्हणजे तिथं साधे पतंग जगतील, प्रतिकार करणाऱ्या पतंगांशी त्यांचा मिलाप होईल आणि त्यांची पिल्लं बीटीवर मरतील. बहुतेकांनी ती पुडी बांधावर फेकली. एकाचं त्यात काही बिघडलं नाही, सगळ्यांचं मिळून बिघडलं. पतंगाला बांध कळत नाही, सातबारा कळत नाही. हिरव्या झेंड्याचं शेत कुठलं आणि भगव्याचं कुठलं, तेही कळत नाही. त्यामुळे एकट्यानं केलेला उपाय शेजारच्या फरदडीत वाया जातो.

अमेरिकेनं २०१८ मध्ये आपल्या कपाशीतून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. बीटी होतंच; जोडीला नांगरणीच्या ठरलेल्या तारखा, कामगंध आणि वांझ केलेले अब्जावधी पतंग होते. आपली दोन-तीन एकरांची शेतं तशी नाहीत. पण तिथं अख्खा पट्टा एकाच तारखेला कामाला लागला, आणि तेवढं तर आपल्यालाही जमण्यासारखं आहे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. ग्रामसभेनं तारीख ठरवावी आणि त्या तारखेला पूर्ण शिवारातली पऱ्हाटी निघावी. जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे लावणं मालकांना बंधनकारक करावं. शेतात एकरी दोन सापळे लावावेत. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ पतंग सापडले, किंवा वीस हिरवी बोंडं फोडून दोनांत अळी निघाली, तरच फवारणीचा विचार करावा. फुलं डोमकळीसारखी मिटलेली दिसली की तोडून नष्ट करावीत. जुम्म्याच्या नमाजनंतर दोन मिनिटं आणि मंदिराच्या भोंग्यावरून दोन मिनिटं एकच सूचना एकाच दिवशी द्यावी. मोजणीचं काम आठवी-नववीच्या मुलांना द्यावं. पाढे त्यांना येतातच. रोजच्या पतंगांचा आकडा शाळेच्या फळ्यावर लिहायला जागाही आहे.