बारा टीम्स, एक चान्स

सीव्हीवर चौथी कंपनी दिसली, की एचआरवाल्या मॅडमच्या भुवया वर! 'स्टेबल नाही वाटत...' त्यांनी मॅट स्टेअर्सचा सीव्ही बघायलाच हवा. कॅनडाचा हा बेसबॉलपटू १९९२ ते २०११ दरम्यान अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये तब्बल १२ फ्रँचायझींकडून खेळला. मध्येच जपानलाही जाऊन आला. आउटफिल्डर, म्हणजे लांबचे फटके अडवणारा. पण पुढे पुढे मुक्काम बेंचवरच. काम एकच, मोक्याच्या क्षणी दुसऱ्याच्या जागी बॅट घेऊन उतरायचं. याला म्हणतात पिंच हिटर. बहुतेक वेळा अख्ख्या मॅचमध्ये एकच चान्स!

ऑगस्ट २००८ संपता संपता टोरांटोनं त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. वय ४०. ऑक्टोबरात लॉस एंजेलिसमध्ये, फायनलआधीच्या सीरिजची चौथी मॅच. आठवी इनिंग, स्कोअर ५-५. स्टेअर्सला बोलावणं आलं आणि त्यानं थेट होम रन ठोकला. ७-५! त्या वर्षी फिलाडेल्फिया चॅम्पियन झाली. पिंच हिटर म्हणून कारकिर्दीत २३ होम रन मारून त्यानं विक्रमही केला.

तेव्हा दोस्तहो, सध्या प्रोजेक्ट नाही, बेंचवर आहात? मनाला लावून घेऊ नका. फक्त बॅट हातातून सोडू नका.