पुतळा झाला, आता गप्पा कधी?

नेता परदेश दौऱ्यावर गेला की आपल्या फोनवर काय काय येणार, हे तुम्हाला पाठ असेल. विमानाच्या शिडीवरून हलणारा हात, ढोल, लेझीम, नऊवारीतल्या बायका, घोषणा, सेल्फी. मग कमेंटमध्ये एक गट म्हणतो, ‘देशाची शान वाढली’. दुसरा म्हणतो, ‘आपल्या पैशांनी सहल’. दोन दिवसांत विषय संपतो.

मला विचाराल तर दोघंही घाई करतात. मॉरिशसचंच बघा ना.

एप्रिल 2023 मध्ये देवेंद्र फडणवीस, तेव्हाचे उपमुख्यमंत्री, तिकडे गेले. तिथल्या महाराष्ट्र भवनात शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. तेव्हाचे पंतप्रधान प्रविंद जगन्नाथही हजर होते. मार्च 2025 मध्ये नरेंद्र मोदी तिथल्या राष्ट्रीय दिनाचे प्रमुख पाहुणे होते. एवढ्याशा बेटावर इतकी वर्दळ का? एक कारण समुद्र आहे. मॉरिशसच्या अगालेगा बेटावर भारताने बांधून दिलेल्या धावपट्टीचं आणि जेट्टीचं उद्घाटन 2024 मध्ये झालं. म्हणजे अशा भेटीत जिव्हाळा असतो, तसा हिशेबही असतो. त्यात वावगं काही नाही.

पण हा जिव्हाळा कोणाच्या जिवावर आहे? 1834 पासून ऊसमळ्यांत राबायला करारावर नेलेल्या मजुरांच्या. पोर्ट लुईच्या ज्या आप्रवासी घाटावर ते उतरले, तो आज जागतिक वारसा आहे. बहुतेक जण बिहार आणि उत्तर प्रदेशाच्या बाजूचे, पण आपल्या कोकणातलेही होते. गणेश चतुर्थीला तिथे अख्ख्या देशाला सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिकडे ‘झाकरी’ झाली, पण नाचायची थांबली नाही.

अडचण भाषेची आहे. या घरांतली बरीच मुलं आता क्रिओल बोलतात. मराठी शाळेत विषय म्हणून शिकतात खरी, पण तास संपल्यावर बोलणार कोणाशी? पुतळ्यासमोर मान आपोआप लवते. पण भाषा टिकायला समोर बोलणारं माणूस लागतं.

म्हणून दौऱ्याचा हिशेब विमान उतरल्यावर नाही, वर्षभराने मागायला हवा. तिकडची किती मुलं आपल्या विद्यापीठांत शिकायला आली? इकडून किती शिक्षक गेले? किती पुस्तकं पोचली? हे प्रश्न कुठल्याच पक्षाच्या विरोधात नाहीत. उत्तरं मिळाली तर टाळ्या आपणच वाजवू.

आणि थोडा हिशेब आपलाही. तुमच्या कॉलेजात मराठी वाङ्मय मंडळ असेलच. आठवड्यातून अर्धा तास व्हिडिओ कॉलवर तिकडच्या मुलांशी गप्पा मारायला कुठल्या मंत्र्याची परवानगी लागते? क्रिकेट, सिनेमा, परीक्षेचं टेन्शन, विषय तर हजार. आणि हो, ती मॉरिशसची नागरिक आहेत, आपली हरवलेली भावंडं नव्हेत. त्यामुळे शिकवण्याचा आव नको. त्यांच्याकडून झाकरीही शिकता येईल.

फक्त एक तयारी ठेवा. तिकडची एखादी मुलगी अडखळत मराठीत विचारेल, ‘तुम्ही कट्ट्यावर मराठीच बोलता ना?’ तेव्हा काय सांगाल?