टॅरिफच्या बातमीवर काही विकायला धावू नका

चामोर्शी तालुक्यातल्या शेतकरी आणि कामगार बंधू-भगिनींनो,

१ जानेवारी २०२५ रोजी कोनसरीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते लॉईड्स मेटल्स या लोखंड-पोलाद कंपनीच्या कामगारांना कंपनीचे शेअर देण्यात आले. घेणाऱ्यांमध्ये आत्मसमर्पण केलेले नक्षलवादीही होते. बँकेच्या पासबुकापलीकडे ज्यांचा कधी संबंध आला नव्हता, अशा घरांत त्यामुळे डीमॅट खातं आलं. ही गोष्ट मी चांगली मानतो. मात्र शेअरबरोबर त्या घरांत एक नवी काळजीही आली आणि ती कशी वागवायची हे त्यांना कोणी नीट सांगितलेलं नाही. हे आवाहन त्यासाठी आहे.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, ७ एप्रिलच्या सोमवारी, सेन्सेक्स एका दिवसात २,२२६ अंकांनी कोसळला. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २ एप्रिलला जवळपास सगळ्या देशांच्या मालावर टॅरिफ जाहीर केला होता आणि जगभरचे बाजार धास्तावले होते. पोलाद आणि धातूंच्या कंपन्यांना त्या दिवशी इतरांहून जास्त मार बसला. पुढं काय झालं तेही लक्षात ठेवा. ९ एप्रिलला ट्रम्प यांनी बहुतेक देशांवरचा वाढीव टॅरिफ ९० दिवसांसाठी थांबवला आणि १५ एप्रिलला सेन्सेक्स पुन्हा २ एप्रिलच्या पातळीवर गेला. सोमवारी घाबरून ज्यांनी विकलं, त्यांचं नुकसान खरोखर झालं. ज्यांनी त्या आठवड्यात काहीच केलं नाही, त्यांचं नुकसान मोबाईलच्या पडद्यावरच राहिलं.

दर वेळी बाजार आठ दिवसांत सावरेल असं मी म्हणत नाही. कधी वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. पण टॅरिफची बातमी कानावर पडते त्या दिवशी तिचा खरा परिणाम कोणालाच मोजता आलेला नसतो, मुंबईतल्या मोठ्या फंडवाल्यांनाही नाही. त्या दिवशीचा भाव भीतीचा असतो. त्या भावात आपलं काही विकू नये.

टॅरिफ म्हणजे देशात येणाऱ्या मालावर सरकार घेतं तो कर, आपल्याकडचं आयात शुल्क. अमेरिकेनं भारतावर ५० टक्के टॅरिफ लावला म्हणजे ते पैसे भारत सरकार भरतं, असं बसस्टँडवर बरेच जण बोलतात. ते खरं नाही. भरतो तिथला आयात करणारा व्यापारी. मग तो त्यातलं काही तिथल्या गिऱ्हाइकाकडून वसूल करतो आणि काही आपल्या निर्यातदाराला भाव कमी करायला लावून काढतो. आपला निर्यातदार तो बोजा सूतगिरणीवर टाकतो, सूतगिरणी जिनिंगवर आणि जिनिंगवाला शेतकऱ्यावर. शेतकऱ्याला मात्र तो पुढं ढकलायला कोणी उरत नाही.

२०२५ मध्ये आपल्या तालुक्यानं या शुल्काच्या दोन्ही बाजू पाहिल्या. रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून आपण शेताला कुंपण घालतो, तसं स्वस्त परदेशी माल शिरू नये म्हणून सरकार आयात शुल्क लावतं. २१ एप्रिल २०२५ ला केंद्रानं पोलादाच्या काही सपाट उत्पादनांवर २०० दिवसांसाठी १२ टक्के संरक्षण शुल्क लावलं, कारण बाहेरून स्वस्त पोलाद येत होतं आणि भारत पोलाद विकण्यापेक्षा जास्त विकत घेऊ लागला होता. म्हणजे पोलादाभोवती कुंपण आलं. त्याच वर्षी १८ ऑगस्टच्या रात्री अधिसूचना निघाली आणि १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क शून्य झालं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, दहा दिवसांत ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आपला कापूस दसरा-दिवाळीला घरात येतो. नेमक्या त्याच महिन्यांत कापसाचं कुंपण काढलेलं होतं.

आता आपल्याकडचं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. मुलगा कोनसरीत कंपनीत लागलेला, बाप कापूस आणि धान करणारा. एप्रिलच्या निर्णयानं मुलाच्या कंपनीच्या धंद्याला आणि शेअरला आधार मिळू शकतो. तोच निर्णय बापाला गोठ्यावर घालायचा पत्रा महाग करू शकतो. ऑगस्टच्या निर्णयानं सूतगिरण्यांना बाहेरचा कापूस स्वस्त पडतो आणि बापाच्या कापसाचा भाव दबतो. दोन्ही निर्णय दिल्लीत झाले, दोन्ही वेळा या घराला कोणी विचारलं नाही.

पोलादासाठी असं संरक्षण मागणं नवं नाही आणि त्या गोष्टीचा एक धागा आपल्याच मुलखातून गेला आहे. १८८२ मध्ये जमशेटजी टाटांच्या वाचनात एका जर्मन भूशास्त्रज्ञाचा अहवाल आला. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या लोहखनिजाबद्दल तो होता, आणि वरोऱ्याचा कोळसा तिथून फार लांब नव्हता. इथं कारखाना निघाला नाही, तो पुढं जमशेदपूरला उभा राहिला. पहिल्या महायुद्धानंतर युरोपचं स्वस्त पोलाद येऊ लागलं तेव्हा तो बुडायला आला आणि १९२४ मध्ये इंग्रज सरकारला पोलाद संरक्षणाचा कायदा करून आयात शुल्क वाढवावं लागलं. शंभर वर्षांपूर्वीसुद्धा पोलादवाल्यांना आपलं म्हणणं दिल्लीत मांडता येत होतं. कापूसवाल्याला ते आजही जमत नाही, कारण तो विखुरलेला आहे. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच.

पण पोलादालाही दिल्ली नेहमीच सांभाळते असं समजून कामगारांनी निर्धास्त राहू नये. मे २०२२ मध्ये महागाई आटोक्यात आणण्यासाठी केंद्रानं एका शनिवारी लोहखनिजावरचं निर्यात शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेलं आणि पोलादाच्या बऱ्याच उत्पादनांवर १५ टक्के निर्यात शुल्क बसवलं. सोमवारी बाजार उघडला तेव्हा टाटा स्टील आणि जेएसडब्ल्यूसारख्या बड्या कंपन्यांचे शेअर एका दिवसात दहा टक्क्यांहून जास्त पडले. नोव्हेंबरमध्ये ते शुल्क मागं घेतलं. सहा महिन्यांत दोन टोकाचे निर्णय, आणि त्यात कारखान्यातल्या एकाही माणसाची चूक नाही.

म्हणून शेअर मिळालेल्या भावांना माझं कळकळीचं सांगणं आहे. तुमचा पगार त्याच कंपनीतून येतो, गावातलं दुकान, चहाची टपरी, भाड्याच्या खोल्या सगळं त्याच प्रकल्पावर चालू लागलं आहे. त्यात शिल्लकही सगळी त्याच शेअरमध्ये ठेवलीत, तर पोलादाच्या एका वाईट वर्षात तिन्ही एकदम आटतील. कंपनी कितीही चांगली असली तरी हे खरं आहे. शेअर पूर्णपणे आपल्या नावावर होऊन विकायला मोकळे झाले की त्यातला काही भाग शांत काळात, बाजार पडलेला नसताना, हळूहळू काढा. तो पोस्टात, बँकेच्या ठेवीत, मुलीच्या सुकन्या समृद्धीत किंवा साध्या इंडेक्स फंडात ठेवा. उरलेले राहू द्या. नोकरी सोडली तर न मिळालेल्या शेअरचं काय होतं, हे शेअर देताना मिळालेल्या पत्रात लिहिलेलं असतं. ते पत्र कोणाकडून तरी मराठीत समजून घ्या. वर्षाच्या आत विकले तर नफ्यावर २० टक्के कर लागतो. वर्षानंतर विकले तर वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. नॉमिनीचं नाव लावलं आहे का, तेही आजच पाहा.

ओटीपी आणि पिन कोणालाही देऊ नका, पुतण्यालाही नाही. ‘तुमचं खातं मी चालवतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा. आणि टॅरिफच्या बातम्यांवर फ्युचर-ऑप्शन खेळायला सांगणारे मोबाईलवर पुष्कळ भेटतील. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं स्वतः पाहणी केली आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या किरकोळ लोकांपैकी ९१ टक्के लोक तोट्यात गेले आणि सगळ्यांचा मिळून तोटा एक लाख कोटी रुपयांच्या वर होता. प्रकल्पात ज्यांची जमीन गेली, त्यांच्या मोबदल्याच्या पैशाकडे अशा लोकांचं लक्ष असतं. जमीन पुन्हा येत नाही. तिच्या पैशातला एक रुपयाही या खेळात घालू नका, हात जोडून सांगतो.

आता कापसाकडं येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेचा भारतावरचा टॅरिफ आधी २५ टक्के आणि २७ तारखेपासून ५० टक्के झाला. तिरुपूरच्या कपडे निर्यातदारांचं गिऱ्हाईक तुटायला लागलं, त्यांनी कच्चा माल तरी स्वस्त द्या म्हणून सरकारला गळ घातली आणि सरकारनं कापसाचं शुल्क काढलं. त्यांची अडचण खरी होती, त्यांच्या कारखान्यांतही गरीब घरच्या लेकीबाळीच राबतात. पण ती सोडवण्याचा खर्च विदर्भाच्या शेतकऱ्यावर टाकला गेला. शुल्क उठताच भारतीय कापूस महामंडळानं, म्हणजे सीसीआयनं, आपल्या गाठींचे विक्रीभाव खाली आणले. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल जाहीर झालेला असताना खेडा खरेदीवाले ‘बाहेरचा माल येणार, भाव पडणार’ सांगत गावोगाव फिरले.

हमीभाव आणि खेडा खरेदीचा भाव यांतला फरक वाचवायचा असेल तर तयारी आधीपासून लागते. सीसीआयला कापूस द्यायचा तर सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत कापसाची नोंद हवी, कपास किसान ॲपवर मुदतीत नाव हवं, खात्याला आधार जोडलेलं हवं आणि कापसात ओलावा ८ टक्के असावा, १२ च्या वर गेला तर परत पाठवतात. ज्याला मोबाईल जमत नाही त्याच्यासाठी गावातल्या शिकलेल्या पोरांनी एक रविवार बसावं. दोन-तीन तासांचं काम आहे आणि एका घराचे हजारो रुपये त्यावर अवलंबून आहेत.

मात्र भाव वाढेल या आशेवर कापूस घरात दाबून ठेवणं हाही जुगारच आहे. २०२२ मध्ये कापूस दहा हजारांच्या वर गेला. ती आठवण धरून २०२२-२३ च्या हंगामात पुष्कळांनी माल उन्हाळ्यापर्यंत ठेवला. घरात साठलेल्या कापसानं लेकरांच्या अंगाला खाज सुटली आणि भाव उतरतच गेला. हमीभाव मिळत असेल तर हप्त्याहप्त्यानं विका. सोसायटीचं कर्ज आणि दुकानाची उधारी भागेल तेवढा माल पहिल्यांदा, बाकीचा पुढं.

धानाचंही दिल्लीशी असंच नातं आहे, फक्त तिथं दार बाहेर जायचं बंद होतं. जुलै २०२३ मध्ये बिगर बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, ती सप्टेंबर २०२४ मध्ये उघडली. आपण बहुतेक धान आधारभूत केंद्रावर देतो म्हणून झळ थोडी कमी बसते.

राजकारणाबद्दल बोलायला काही जण कचरतात. मी बोलणार आहे, कारण आयात शुल्क हे पूर्ण राजकारणच आहे. २०२४ च्या लोकसभेत गडचिरोली-चिमूर आणि चंद्रपूर या दोन्ही जागांवर सत्ताधारी हरले. ते शुल्कामुळंच झालं असं मी म्हणणार नाही, कारणं अनेक होती. पण निकालानंतर कांद्यानं, सोयाबीननं आणि कापसानं आपल्याला रडवलं, असं तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनीच जाहीरपणे मान्य केलं. त्यानंतर विधानसभेच्या दोन महिने आधी, सप्टेंबर २०२४ मध्ये, कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेलं. सोयाबीनवाल्याला बरं वाटलं. निवडणूक झाली, आणि मे २०२५ च्या अखेरीस, पेरणीच्या तोंडावर, ते साडेसोळा टक्क्यांवर आणलं. ७ ऑगस्ट २०२५ ला पंतप्रधानांनी शेतकऱ्यांच्या हिताशी तडजोड करणार नाही असं दिल्लीत सांगितलं आणि अकरा दिवसांनी कापसाचं शुल्क गेलं. तारखा कोणालाही तपासता येतील. पक्ष कोणताही असो, मत मागायला येणाऱ्याला या तारखा विचारा.

शेतकरी नेते शरद जोशी आयुष्यभर सांगत राहिले की शेतकऱ्याला बाजार मोकळा द्या, सरकारचा हात काढा. त्यांच्याशी सहमत असा किंवा नसा. पण आज शेतकऱ्याला मोकळा बाजारही मिळत नाही आणि कुंपणही टिकत नाही. भाव चढला की निर्यात बंद, भाव पडला की आयात खुली. माझी मागणी साधी आहे. शुल्क किती असावं यावर तज्ज्ञ भांडोत. ते बदलायचं असेल तर पेरणीआधी जाहीर करा आणि माल विकून होईपर्यंत हलवू नका. शेतकरी बियाणं घेताना जे शुल्क असेल, तेच कापूस विकताना असलं पाहिजे. पोलादाला २०० दिवसांची हमी देता येते, तर कापसालाही देता आली पाहिजे.

ही मागणी फक्त भाषणात राहू नये. १ मे रोजी प्रत्येक गावात ग्रामसभा असते, पेरणीच्या महिनाभर आधी. आपल्या जिल्ह्यातल्या ग्रामसभांनी ठराव करून मोठमोठ्या कामांबद्दल आपलं म्हणणं नोंदवलेलं आहे. येत्या १ मेला कापूस, सोयाबीन आणि धानाच्या आयात-निर्यात शुल्काबद्दल हा एक ठराव घ्या. कोनसरीत काम करणाऱ्या पोरांनीही त्याला हात वर करावा, कारण कापूस पिकवणारा त्यांचाच बाप आहे. ठरावाची एक प्रत खासदारांना पाठवा, एक आमदारांना. एक तहसील कार्यालयात द्या आणि तिची पोच घ्या.